गटाराचा माणूस

मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. त्यात सहावीच्या वर्गाला दरवर्षी एक प्रश्न हमखास असायचा : सिंधू संस्कृतीतील सांडपाण्याच्या व्यवस्थेचे वर्णन करा. मुलं लिहायची, ‘भाजक्या विटांची गटारे, वरून झाकलेली, प्रत्येक घराची मोरी त्यांना जोडलेली.’ पैकीच्या पैकी गुण. मोहेंजोदडो संपलं की पुढच्या साडेचार हजार वर्षांत आमच्या पाठ्यपुस्तकात गटार म्हणून पुन्हा येत नसे. राजे आले, लढाया आल्या, तह आले. एवढी माणसं खात-पीत होती, त्यांचं पुढं काय होत होतं, हा प्रश्न मुलांनी कधी विचारला की वर्ग हसायचा आणि तास संपायचा.

हा विषय आत्ता निघायचं कारण म्हणजे माझा पुतण्या. त्याने कऱ्हाडच्या बाहेर एक जुना बंगला घेतला. तिकडे अजून भुयारी गटार पोचलेलं नाही, त्यामुळे मागच्या अंगणात सेप्टिक टँक. ती किती वर्षांत उघडली नाही हे विकणाऱ्यालाही सांगता येईना. टाकी उपसायची, आणि न्हाणीघरापासून टाकीपर्यंतचा नळ बदलायचा, असं दोन्ही काम. त्याने तीन जणांकडून दर मागवले आणि मला फोन केला, “काका, कुणाला देऊ?” मी नेहमीच्या सवयीने सुरुवात केली, तर म्हणाला, “काका, इतिहास नको, माणूस सांगा.” आता काय करणार! मला तर माणूस इतिहासातूनच सांगता येतो. म्हणून हा लेख. त्याने वाचला तर उत्तम, नाही तर तुम्ही आहातच.

सुरुवात लंडनपासून करू, कारण तिथल्या एका घराच्या गटाराची चौकशी कागदोपत्री पूर्ण झालेली आहे.

१८५४ सालच्या ऑगस्टच्या अखेरीस लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा फुटला. पहिल्या दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसं गेली, एकूण सहाशेहून अधिक. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर फिरून दाखवून दिलं की मेलेले बहुतेक लोक एकाच सार्वजनिक पंपाचं पाणी पीत होते. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला. ही गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे. पण तिचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. पंपाचं पाणी बिघडलं कशाने? तिथल्या चर्चचे तरुण पाद्री हेन्री व्हाइटहेड यांनी त्याचा छडा लावला. पंपाला लागूनच असलेल्या ४० नंबरच्या घरात एक तान्ही मुलगी साथीच्या आधीच आजारी पडली होती. तिच्या आईने दुपट्यांचं पाणी घरापुढच्या मैल्याच्या टाकीत ओतलं होतं. १८५५ मध्ये ती टाकी उकरून पाहिली. टाकी आणि पंपाची विहीर यांत तीन फुटांपेक्षाही कमी अंतर होतं. विटांमधला चुना इतका कुजला होता की विटा नुसत्या हाताने निघत होत्या. टाकीचं बांधकाम मुळातच चुकीचं, त्यामुळे मैला पुढे गटारात न जाता तिथेच तुंबत होता आणि जमिनीतून विहिरीत झिरपत होता.

म्हणजे बघा, एका घराची टाकी. ती कुणी तरी बांधली होती, कुणी तरी पैसे देऊन बांधून घेतली होती. वरून फरशी बसवल्यावर ती चांगली की वाईट हे बघायला कुणाला डोळे नव्हते. गटाराच्या कामाची हीच अडचण आहे. सुताराने दार वाकडं बसवलं तर रोज दिसतं. गवंड्याने भिंत ओळंब्यात घेतली नाही तर पाहुणाही सांगतो. गटार मात्र मातीखाली जातं, आणि चूक कळते ती वास आल्यावर, भिंतीला ओल आल्यावर, नाही तर माणूस आजारी पडल्यावर. तोवर कंत्राटदार पैसे घेऊन कधीच गेलेला असतो.

चार वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात, टेम्स नदीला अशी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटच्या पडद्यांना क्लोराइड ऑफ लाइम लावायची वेळ आली. स्वतःच्या नाकाला झोंबल्यावर सभासदांनी भराभर कायदा केला आणि जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरच्या हाती सगळ्या शहराच्या गटारांचं काम आलं. ८२ मैलांची मुख्य विटांची गटारं त्याने बांधवून घेतली. हे काम मोठमोठ्या कंत्राटदारांनीच केलं. पण बॅझलजेटने एक गोष्ट कंत्राटदाराच्या शब्दावर सोडली नाही : सिमेंट. पोर्टलंड सिमेंट तेव्हा नवं होतं आणि त्यात भेसळ सोपी होती. त्याचा सहायक जॉन ग्रँट याने येणाऱ्या मालाचे नमुने घेऊन, त्यांचे ठोकळे पाडून, ते ओढून तोडून पाहायची पद्धत बसवली. ठरलेल्या ताकदीला माल उतरला नाही की परत. अशा हजारो चाचण्या झाल्या. ती गटारं पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ वापरात राहिली. कंत्राटदार सगळे साधुसंत होते असं काही नव्हे. माल तपासणारा माणूस कंत्राटदाराचा नव्हता, एवढंच.

शहराची गटारं अशी सुधारली, पण घरातल्यांचं काय? त्याला एका राजपुत्राचा ताप कारणी लागला. १८७१ च्या शरदात युवराज एडवर्ड स्कारबरो इथल्या एका श्रीमंत बंगल्यात पाहुणा म्हणून राहिला. परतल्यावर त्याला विषमज्वर झाला, अगदी जिवावर बेतलं. तो वाचला, पण त्याच बंगल्यात उतरलेला चेस्टरफील्डचा अर्ल आणि युवराजाचा एक मोतद्दार दोघेही गेले. सगळ्या देशाची बोटं त्या बंगल्याच्या गटाराकडे वळली. विषमज्वर गटाराच्या वायूने होतो असा तेव्हा समज होता. तो चुकीचा होता. रोग पसरतो तो मैल्याने बिघडलेल्या पाण्यातून आणि अन्नातून. पण चुकीच्या समजातून काम मात्र बरोबर झालं. लोक आपापल्या घराच्या फरश्या उचकटून बघायला लागले.

काय दिसलं ते १८७८ मध्ये लीड्सच्या टी. प्रिजिन टील या शस्त्रवैद्याने एका पुस्तकात चित्रं काढून छापलं. सगळी चित्रं घरांच्या पोटातली. सांधे न भरलेले नळ, उलट्या ढाळाचे नळ, जमिनीखालीच मैला सोडून देणारी गटारं. घरमालक सुशिक्षित, पैसेवाले, आणि त्यांना आपल्या पायाखाली काय आहे याचा पत्ता नाही. डॉक्टरला रोगी तपासता तपासता मोरी तपासावी लागली!

त्याच वर्षी एडिंबरोमध्ये फ्लीमिंग जेंकिन या प्राध्यापकाने एक फार शहाणपणाची गोष्ट केली. हा समुद्राखालच्या तारांच्या कामातला नावाजलेला इंजिनिअर. त्याने घरमालकांची एक संस्था काढली. प्रत्येकाने वर्षाची वर्गणी भरायची, आणि संस्थेने नेमलेल्या इंजिनिअरने घरी येऊन गटार तपासायचं, लेखी अहवाल द्यायचा. दुरुस्ती कुणाकडूनही करून घ्या. ती नीट झाली का हे पुन्हा संस्थेचा इंजिनिअर बघणार. तपासणारा वेगळा, दुरुस्त करणारा वेगळा. दुरुस्तीत ज्याचा फायदा आहे त्यालाच ‘दुरुस्ती लागेल का हो?’ असं विचारू नये, हे साधं तत्त्व. पुढे १८८६ पासून लंडनच्या प्लंबरांच्या जुन्या संघाने नोंदणी सुरू केली. म्हणजे चांगल्या कारागिरांनाच वाटू लागलं की भुरट्यांपासून आपण वेगळे ओळखू यावं.

हा झाला तिकडचा इतिहास. तिथे प्रश्न होता, माणूस निवडायचा कसा. आपल्याकडे हा प्रश्नच पडला नाही, कारण माणूस जन्मानेच निवडलेला होता.

मी लहान असताना, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, साताऱ्याला आमच्या वाड्यात टोपलीचा संडास होता. वाड्याच्या मागे एक अरुंद बोळ, तिच्यात संडासाची खालची झापं उघडायची. पहाटे एक बाई यायची, टोपली उचलून गाड्यात रिकामी करायची. बोळीतून यायची आणि बोळीतूनच जायची. दिवाळीला तिला फराळ दिला जायचा, तोही वरून पदरात. तिचं नाव घरात कुणी घेतलेलं मला आठवत नाही. तिच्या कामाचंच नाव तिला होतं. दूधवाल्याशी भावावरून घासाघीस व्हायची, मोलकरणीच्या खाड्यांचा हिशेब असायचा. तिच्याबद्दल मात्र कसलाही विचार करावा लागत नसे. ती येणार हे सूर्य उगवणार तसं ठरलेलं.

मुंबईच्या १८८८ च्या महानगरपालिका कायद्यात घरमालकांवर एक कर होता, ‘हलालखोर कर’. मैला उचलणाऱ्यांना हलालखोर म्हणत. शब्दाचा अर्थ किती चांगला, कष्टाचं आणि हक्काचं खाणारा. आणि वागणूक? उत्तर हिंदुस्थानात तर उलटाच प्रकार होता. कोणत्या घरांचा मैला कोणत्या कुटुंबाने काढायचा याचे वहिवाटी हक्क होते, ते गहाण पडत, विकले जात. ते बंद कसे करावेत हे ठरवायला १९६० च्या दशकात सरकारला मलकानी समिती नेमावी लागली. त्याआधी १९४९ मध्ये आपल्या मुंबई सरकारने या कामगारांच्या राहणीची चौकशी करायला बर्वे समिती नेमली होती.

या साऱ्यात मला सर्वांत जवळचे वाटतात ते कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन. १९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी मागणी केली की मला संडास सफाईचं काम द्या. तुरुंगाने नाकारलं, कारण ते काम त्यांच्या जातीचं नव्हे. अप्पासाहेबांनी अन्नत्याग सुरू केला. येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी ३ डिसेंबरला उपवास आरंभला, तेव्हा कुठे सरकार हललं. पुढे अप्पासाहेबांनी कणकवलीला गोपुरी आश्रम उभा केला आणि मैल्याचं सोनखत करणाऱ्या संडासांचा प्रसार केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं : माणसाने माणसाचा मैला डोक्यावरून वाहू नये असं वाटत असेल तर संडासच तसा बांधा. नुसती सहानुभूती पुरत नाही, बांधकाम बदलावं लागतं.

टोपल्या गेल्या. १९९३ मध्ये त्याविरुद्ध कायदाही झाला. पण टोपलीच्या जागी सेप्टिक टँक आली, आणि टोपली डोक्यावर घेणाऱ्यांचीच मुलं दोराने टाकीत उतरू लागली. टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असेल तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की तो वास घेण्याची शक्तीच मारतो. उतरणाऱ्याला वाटतं वास गेला, आणि तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. म्हणून बातमीत नेहमी दोन, तीन, चार जण असतात. कंदील सोडून बघायची जुनी रीत तर आणखी वाईट, कारण टाकीत मिथेनही असतो आणि तो पेट घेतो. २०२२ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की आधीच्या पाच वर्षांत गटारं आणि टाक्या साफ करताना ३४७ माणसं मेली.

२०१३ च्या कायद्याने हे थेट पकडलं. सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईसाठी उतरवणं गुन्हा आहे. थेट असो वा कंत्राटदारामार्फत. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे ‘कंत्राटदारामार्फत’ फार महत्त्वाचं. ‘मी काय, कंत्राट दिलं होतं’ असं म्हणून घरमालकाला सुटता येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका सोसायटीत टाकी साफ करताना तीन कामगार गेले. त्यांच्या बायका उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकी दहा लाखांची भरपाई द्यायला लावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई तीस लाख केली.

आता माझ्या पुतण्याचा माणूस.

तीनपैकी सगळ्यात कमी दराचा जो होता तो फोनवर म्हणाला होता, “दोन पोरं उतरवतो साहेब, दोन तासांत टाकी मोकळी.” मी पुतण्याला म्हटलं, याचं नाव आत्ताच्या आत्ता खोड. दर कितीही कमी असो. बाकी दोघांना जे विचारायला सांगितलं ते इथे लिहून ठेवतो. यातलं काहीही माझ्या डोक्यातून आलेलं नाही, वरच्या इतिहासातूनच आलंय.

एक. टाकी कशाने उपसणार? उत्तर ‘सक्शन गाडीने’ असंच पाहिजे. ‘शेवटचा गाळ पोरगा काढेल’ असं म्हणाला तर नमस्कार करावा. टाकी चाटूनपुसून साफ करायची गरजही नसते. थोडा गाळ मागे राहिला तर जंतूंचं काम लवकर सुरू होतं.

दोन. मैला कुठे टाकणार? इथे बरेच जण गप्प होतात. ओढ्यात टाकणारा माणूस तुमची टाकी दुसऱ्याच्या विहिरीत रिकामी करत असतो. ब्रॉड स्ट्रीट आठवा. नगरपालिकेचं मैला प्रक्रिया केंद्र कुठे आहे, गाडी तिथे जाते का, हे विचारायचं.

तीन. टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून किती लांब? आपल्याकडच्या मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर पाहिजे. पुतण्याच्या बोअरचं अंतर टेपने मोजून घ्यायला सांगितलं. पावलांनी मोजू नये, पावलं लांबट पडतात.

चार. ढाळ किती देणार? चार इंची नळाला चाळीसात एक, म्हणजे दहा फुटांना तीन इंच, हा जुना हिशेब. जो चटकन सांगतो त्याला काम येतं. जो ‘बसतो अंदाजाने’ म्हणतो त्याचं पाणीही अंदाजानेच जाईल. आणि माती ओढण्याआधी नळात पाणी भरून सांधे बघायचे, वरून एक गुळगुळीत चेंडू सोडून खालच्या चेंबरला आपोआप येतो का ते बघायचं. सरळ नळ असेल तर एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला आरसा धरावा. पूर्ण गोल दिसला तर नळ सरळ. शेवटचे पैसे या परीक्षेनंतर.

पाच. ही परीक्षा घेणार कोण? कंत्राटदाराने नव्हे. ओळखीचा एखादा निवृत्त ओव्हरसीअर गाठावा, त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. ही जेंकिनसाहेबांची युक्ती.

सहा. तीन पावसाळे काढलेलं त्याचं एखादं जुनं काम दाखवायला सांगावं, आणि तिथे गेल्यावर घरातल्या बाईंना विचारावं. मोरी तुंबते का हे पुरुषांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

सात. प्रत्यक्ष काम करायला येणार कोण, त्यांचा विमा आहे का, हे कागदावर घ्यावं. नावांसकट.

पुतण्या म्हणाला, “काका, एवढं विचारलं तर कोण येईल?” दोघांपैकी एक खरंच आला नाही. दुसरा मात्र उलट खूश झाला. म्हणाला, गेल्या कित्येक वर्षांत कुणी ढाळ विचारला नव्हता. त्याचा दर पहिल्यापेक्षा बराच जास्त होता. काम त्यालाच दिलं. चेंडू सुटला आणि खाली आला, असं फोनवर कळलं.

खरं तर एकेका घरमालकाने हे सगळं करत बसावं हे काही बरोबर नाही. आमच्या जिल्ह्यातल्या वाईने आणि तिकडे सिन्नरने २०१८-१९ च्या सुमारास चांगला रस्ता दाखवला. नगरपालिकेनेच कंत्राटदार नेमायचा, गावातली प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा ठरलेल्या पाळीने गाडीने उपसायची, मैला प्रक्रिया केंद्रात न्यायचा, आणि खर्च करातून भागवायचा. तुंबल्यावर धावाधाव नाही, की रात्री-अपरात्री कुणा गरिबाच्या पोराला बोलावणं नाही. तुमच्या गावात अशी सोय आहे का हे आधी नगरपालिकेत विचारा. गटारात माणूस उतरवताना दिसला तर कळवण्यासाठी केंद्र सरकारने १४४२० हा क्रमांक जाहीर केला होता, तोही घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

नातेवाईक मंडळींना एक विनंती. आमच्या वाड्यात मागच्या बोळीतून येणाऱ्या त्या बाईंचं नाव कुणाला आठवत असेल, थोरल्या काकूंकडून, आत्यांकडून कधी ऐकलं असेल, तर मला जरूर कळवा. वाड्याची वंशावळ मी लिहून काढतोय. तिच्यात दिवाणजींचं नाव आहे, भटजींचं आहे, पाणक्याचं आहे. हे एक राहिलंय.